प्रवेश अवघड, पण अभ्यास? अमेरिकेतली कॉलेजं आणि मेजर यांचा खरा भार

अमेरिकेत पदवीला जायचं ठरलं की पहिली चर्चा सुरू होते ती प्रवेशाच्या टक्क्यांची. अमुक कॉलेज शंभरातल्या पाचांनाच घेतं, तमुक चाळिसांना घेतं. मग पाचवाल्या कॉलेजातला अभ्यास झेपेल का, आणि चाळीसवाल्या कॉलेजात आपल्या हुशार मुलीचं डोकं गंजणार तर नाही ना, या दोन्ही काळज्या त्याच एका आकड्यावरून केल्या जातात. तो आकडा मात्र अभ्यासाबद्दल फार थोडं सांगतो. दाराशी किती गर्दी आहे आणि त्यातल्या किती जणांना आत घेतात, एवढंच त्यातून कळतं. आठवड्याला किती तास बसावं लागेल, मार्क कसे पडतील, अर्ध्यावर विषय सोडावा लागण्याची शक्यता किती, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यातला सगळ्यात मोठा वाटा कॉलेजाच्या नावाचा नसतो, तुम्ही निवडलेल्या मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा असतो.

प्रवेश आणि अभ्यास या दोन गोष्टी किती वेगळ्या असू शकतात ते पाहायला क्षणभर अमेरिकेबाहेर जाऊ. झ्युरिकची ईटीएच ही जगातल्या नावाजलेल्या तंत्रविद्यापीठांपैकी एक. स्वित्झर्लंडमध्ये मातुरा ही शालान्त परीक्षा पास झालेल्या मुलाला तिथे बहुतेक विषयांत थेट प्रवेश मिळतो. पण पहिल्या वर्षाच्या विषयांवर जी परीक्षा होते ती दोनदा नापास झालात, तर तो अभ्यासक्रम तिथे पुढे करता येत नाही. चाळणी आहेच, फक्त ती दाराच्या आत बसवलेली आहे. हार्वर्डमध्ये उलटं. आत शिरणं महाकठीण, पण एकदा आत गेलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के मुलं पदवी घेऊनच बाहेर पडतात. २०१३ मध्ये तिथल्या पदवी-शिक्षणाच्या प्रमुखांनी प्राध्यापकांच्या बैठकीत सांगितलं होतं की कॉलेजात दिल्या जाणाऱ्या ग्रेड क्रमानं लावल्या तर बरोबर मधली ग्रेड ए-मायनस आहे आणि सगळ्यात जास्त वेळा दिली जाणारी ग्रेड ए आहे. याचा अर्थ हार्वर्डचा अभ्यास सोपा आहे असा नाही. पण तिथे नापास होण्याची भीती बाळगण्याचं कारण फारसं नाही, हे नक्की.

आता तासांकडे वळू. अमेरिकेतलं क्रेडिट हे मुळात वेळेचं माप आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास वर्गाबाहेरचं काम. पदवीला बहुतेक ठिकाणी १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सत्रांत विभागले तर दर सत्राला १५. हिशेब केला की आठवड्याचे ४५ तास होतात. युरोपातल्या क्रेडिटचं गणितही याच आसपास जातं: वर्षाला ६० क्रेडिट, प्रत्येक क्रेडिटला २५ ते ३० तास. एमआयटी तर प्रत्येक विषयाच्या वर्णनात तीन आकडे छापते. तिथल्या पहिल्या कॅल्क्युलसपुढे ५-०-७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आठवड्याला पाच तास वर्ग, लॅब शून्य, आणि सात तास घरचा अभ्यास. असे बारा-बारा तासांचे चार विषय घेतले की ४८ तास झाले. मुलाला काय झेपेल याचा अंदाज घेण्यासाठी याहून प्रामाणिक पद्धत मी पाहिलेली नाही. प्रत्येक कॉलेजनं असे आकडे छापावेत असं मला मनापासून वाटतं.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात मात्र सगळीकडे पाळला जात नाही. फिलिप बॅबकॉक आणि मिंडी मार्क्स या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या सर्वेक्षणांची सांगड घालून दाखवलं की १९६१ मध्ये पूर्णवेळ विद्यार्थी वर्ग आणि अभ्यास मिळून आठवड्याला सुमारे ४० तास देत होते, २००३ पर्यंत ते २७ वर आले होते. नुसता वर्गाबाहेरचा अभ्यास २४ तासांवरून १४ वर आला. ही घसरण एखाद्या विषयापुरती किंवा कमी नावाच्या कॉलेजांपुरती नव्हती. सगळ्या प्रकारच्या कॉलेजांत आणि सगळ्या मेजरमध्ये ती दिसली. तेव्हा ४५ तासांचा आकडा वाचून घाबरायचं कारण नाही, आणि कॉलेज आपोआप आपल्या मुलाकडून तेवढं काम करून घेईल अशी आशा धरण्यातही अर्थ नाही.

सरासरी २७ तासांच्या आत विषयाविषयांतला फरक दडलेला असतो. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या सहभागाचं एक मोठं सर्वेक्षण दरवर्षी होतं. त्याच्या २०११ च्या अहवालात शेवटच्या वर्षाच्या मुलांनी वर्गाबाहेर अभ्यासाला दिलेले तास मेजरनुसार मांडले होते. इंजिनिअरिंगची मुलं आठवड्याला सरासरी १९ तास अभ्यास करत होती, भौतिक विज्ञानांची १८, जीवशास्त्राची आणि कला-मानव्यविद्यांची १७, शिक्षणशास्त्राची १५, समाजशास्त्रांची आणि बिझनेसची १४. इंजिनिअरिंग आणि बिझनेस यांत आठवड्याचा फरक पाच तासांचा. ३० आठवड्यांच्या शैक्षणिक वर्षात तो १५० तासांवर जातो. एकाच कॉलेजात, एकाच वसतिगृहात शेजारी राहणाऱ्या दोन मुलांची वर्षं इतकी वेगळी जाऊ शकतात. या यादीत आणखी एक गोष्ट माझं लक्ष वेधून घेते: साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकणारी मुलं जीवशास्त्राच्या मुलांइतकाच वेळ देत होती. मानव्यविद्या म्हणजे आराम, हा समज या आकड्यांत टिकत नाही.

मग इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, गणित यांचीच दहशत का असते? माझ्या मते तासांपेक्षा विषयाची रचना याला जास्त कारणीभूत आहे. हे विषय साखळीचे आहेत. कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, दुसऱ्याशिवाय डिफरन्शियल इक्वेशन्स नाहीत, आणि त्यांच्याशिवाय सर्किट्स, कंपनं, उष्णतेचं वहन हे विषय उघडतच नाहीत. साखळीतली एक कडी कच्ची राहिली की पुढचं प्रत्येक सत्र तिची किंमत वसूल करतं. काही विषय फक्त वसंत सत्रातच शिकवले जातात. अशा साखळीत एक विषय नापास झाला, तर प्रसंगी पदवी वर्षभर लांबते. इतिहासाच्या मेजरमध्ये रोमन साम्राज्याचा कोर्स वाईट गेला म्हणून औद्योगिक क्रांतीचा कोर्स अडत नाही. तिथे खोली वाढत जाते, पण दारं बंद होत नाहीत.

इंजिनिअरिंगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेतले बहुतेक इंजिनिअरिंग अभ्यासक्रम एबेट या संस्थेची मान्यता घेतात, आणि तिच्या निकषांप्रमाणे पदवीत किमान ३० क्रेडिट गणित व मूलभूत विज्ञानाचे आणि किमान ४५ क्रेडिट इंजिनिअरिंगच्या विषयांचे असावे लागतात. त्यामुळे नावाजलेलं विद्यापीठ असो की कुणी न ऐकलेलं राज्य विद्यापीठ, इंजिनिअरिंगची किमान पातळी सगळीकडे बरीच सारखी असते. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम कॉलेज बदललं म्हणून सौम्य होत नाही. बिझनेस, कम्युनिकेशन अशा मेजरमध्ये कॉलेजनुसार भार कमी-जास्त व्हायला त्या मानानं खूप जागा असते. कॉलेज कुठलं हा प्रश्न तिथे अधिक बारकाईनं विचारायला हवा.

अवघडपणाचा आणखी एक प्रकार ऑरगॅनिक केमिस्ट्रीत दिसतो. मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांची अमेरिकेत सगळ्यात जास्त गळती जिथे होते असं मानलं जातं, तो हा विषय. मुलं याला पाठांतराचा विषय समजून भिडतात, आणि तिथेच चुकतात. शेकडो अभिक्रिया समोर येतात. त्या एकेक करून पाठ करायला गेलं तर पहिल्या मिडटर्मपर्यंत, म्हणजे सत्राच्या मध्ये होणाऱ्या परीक्षेपर्यंत, कसंबसं जमतं, दुसऱ्या मिडटर्मला सगळं कोसळतं. हा विषय खरं तर मोजक्या तत्त्वांवर उभा आहे: रेणूत इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी आहेत, ते कुठून कुठे सरकतील, आणि सरकताना रेणूचा त्रिमितीय आकार कुठे आडवा येईल. ही नजर आली की न पाहिलेली अभिक्रियाही सोडवता येते, आणि परीक्षेत नेमक्या तशाच विचारतात. शाळेत पाठांतराच्या जोरावर वर आलेल्या मुलाला इथे अभ्यासाची पद्धतच बदलावी लागते. जास्त तास बसून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून मेहनती मुलं इथे हबकतात. वेळीच कुणी त्यांना कागदावर इलेक्ट्रॉनचे बाण काढून बसायला शिकवलं, तर त्यातली बरीच सावरतात.

साहित्य किंवा तत्त्वज्ञानाचा भार वेगळ्या जातीचा. तिथे प्रॉब्लेम सेट, म्हणजे घरी सोडवायचा गणितांचा संच, नसतो, उत्तर बरोबर की चूक हे पानाच्या शेवटी कळत नाही. आठवड्याला शेकडो पानं वाचायची, त्यावर स्वतःचं म्हणणं मांडायचं, आणि ते म्हणणं वर्गात पंधरा जणांसमोर टिकवायचं. वाचन न करता वर्गात बसून राहणं इथे शक्य असतं हे मान्य करायला हवं. इंजिनिअरिंगच्या प्रॉब्लेम सेटमध्ये अशी पळवाट नसते. म्हणून मानव्यविद्यांत एकाच पदवीमागे दोन मुलांनी केलेलं काम जमीन-अस्मानाइतकं वेगळं असू शकतं. आर्किटेक्चरमध्ये स्टुडिओ तास खातो, नर्सिंगमध्ये रुग्णालयातल्या पाळ्या. हे तास क्रेडिटच्या आकड्यात पुरते उमटत नाहीत, हे दोन्हीकडे जाणाऱ्यांनी आधीच ओळखून असावं.

आता मार्कांकडे येऊ, कारण नोकरी आणि पुढचं शिक्षण दोन्ही जीपीएवर बघितलं जातं. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, असं धरून काढलेली ही सरासरी. एकाच कॉलेजातल्या वेगवेगळ्या विभागांची मार्क देण्याची सवय किती वेगळी असते, याची अर्थतज्ज्ञ केव्हिन रास्क यांनी एका लिबरल आर्ट्स कॉलेजच्या आकड्यांवरून मांडणी केली. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात रसायनशास्त्राची सरासरी ग्रेड २.७८ होती, गणिताची २.९०, अर्थशास्त्राची २.९५. इंग्रजीची ३.३३ आणि शिक्षणशास्त्राची ३.३६. रसायनशास्त्रातला ३.२ आणि इंग्रजीतला ३.२ हे एकाच कागदावर एकसारखे दिसतात, पण पहिला विद्यार्थी आपल्या विभागाच्या सरासरीच्या बराच वर आहे आणि दुसरा थोडा खाली.

हा फरक मिटवायचा प्रयत्न काही कॉलेजांनी केला. वेलस्ली या मुलींच्या कॉलेजनं २००४ मध्ये नियम केला की पहिल्या दोन पातळ्यांच्या कोर्समध्ये वर्गाची सरासरी बी-प्लसच्या, म्हणजे ३.३३ च्या वर जाऊ नये. विज्ञान विभाग आणि अर्थशास्त्र आधीपासून त्या मर्यादेत होते, म्हणून नियमाचा फटका मुख्यतः मानव्यविद्या आणि इतर समाजशास्त्रांना बसला. कॉलेजच्याच तीन अर्थतज्ज्ञांनी पुढे परिणाम तपासले तेव्हा दिसलं की या विभागांत ग्रेड खाली आल्या, पण तिथे नाव घालणाऱ्या मुली कमी झाल्या आणि शिक्षकांना विद्यार्थिनींकडून मिळणारं मूल्यांकनही घसरलं. प्रिन्स्टननं त्याच वर्षी ए-गटातल्या ग्रेड ३५ टक्क्यांवर जाऊ नयेत असं उद्दिष्ट ठरवलं आणि २०१४ मध्ये ते सोडून दिलं. आपली मुलं इतर कॉलेजच्या मुलांशी स्पर्धा करताना मागे पडतात, हा ताण त्यांना सतत जाणवत होता. कडक मार्क देणाऱ्या एकट्या कॉलेजला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती अखेर विद्यार्थी मोजतो. म्हणून ज्याला पुढे मेडिकल किंवा लॉ स्कूलला जायचं आहे, त्यानं मार्कांची ही रीत आधी तपासणं मला अजिबात गैर वाटत नाही.

मेजर सोडून जाणाऱ्यांबद्दलही एक घट्ट रुजलेला समज आहे: विज्ञान-तंत्रज्ञानाला गेलेली निम्मी मुलं सोडून जातात, बाकीचे विषय टिकवून ठेवतात. यातला पहिला भाग बरोबर आहे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे २००३ ते २००९ या काळात विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणित यांत शिरलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी ४८ टक्क्यांनी २००९ च्या वसंतापर्यंत ते क्षेत्र सोडलं होतं. पण मानव्यविद्या, शिक्षणशास्त्र आणि आरोग्यविज्ञान यांत हेच प्रमाण ५६ ते ६२ टक्के होतं. विषय बदलणं ही तिथल्या पद्धतीतली नेहमीची गोष्ट आहे. मेजर बदललेल्या मुलाकडे हरलेला म्हणून पाहणाऱ्या पालकांनी हे आकडे जरूर वाचावेत.

आणि सोडणारे कच्चे असतात का? एलेन सीमोर आणि नॅन्सी ह्युइट या समाजशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात सात विद्यापीठांतल्या मुलांशी सविस्तर बोलून याचा शोध घेतला. सोडलेल्या आणि टिकलेल्या मुलांच्या कुवतीत त्यांना मोठा फरक सापडला नाही. वाईट शिकवणं, अंगावर येणारा वेग, मदत मागायला जागा नसणं, या तक्रारी दोन्ही गटांच्या तोंडी होत्या. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण केलं होतं. ही मुलं मेहनती होती, शाळेत चांगली होती, पण एकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं मात्र आधी एकेकटी अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत, कुठे अडलं ते बोलत. ट्रीझमन यांनी गटानं कठीण गणितं सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. सोपी उजळणी त्यांत मुद्दामच ठेवली नाही. त्या मुलांचे निकाल लक्षणीय सुधारले. विषय तोच, परीक्षा तीच, मुलं तशीच, आणि तरी अवघडपणा बदलला. परदेशात एकट्या पडणाऱ्या आपल्या मुलांना यातून घेण्यासारखं खूप आहे.

कॉलेजाकॉलेजांत फरक नसतोच असं मात्र नाही. काही ठिकाणी तो नियमांतच लिहिलेला असतो. कॅलटेकमध्ये मेजर कुठलाही घ्या, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांचा गाभा प्रत्येकाला पार करावाच लागतो. म्हणून तिथे पहिल्या दोन सत्रांत ग्रेड न देता फक्त पास-नापास ठेवतात. रीड कॉलेजमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो, आणि ग्रेड मागितल्याशिवाय दाखवतही नाहीत. स्वार्थमोरच्या ऑनर्स अभ्यासक्रमात १९२२ पासून बाहेरून बोलावलेले परीक्षक परीक्षा घेतात. शिकागो विद्यापीठ जेमतेम नऊ-दहा आठवड्यांच्या क्वार्टरवर, म्हणजे छोट्या सत्रांवर चालतं. तिथे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन उभी राहते, आणि आजारपणात एक आठवडा गेला तर निदान दशांश सत्र गेलं. मोठ्या सरकारी विद्यापीठांत अडथळा वेगळ्याच ठिकाणी असतो. बर्कलीत कित्येक वर्षं अशी रीत होती की कॉलेजात प्रवेश मिळाला तरी कॉम्प्युटर सायन्स हा मेजर हवा असेल तर सुरुवातीच्या ठराविक कोर्समध्ये ३.३ जीपीए आणावा लागे. तीनशे-चारशे मुलांच्या वर्गात, कर्व्हवर मार्क पडत असताना, हे सोपं नव्हतं. कर्व्ह म्हणजे तुमचे मार्क वर्गातल्या बाकीच्यांच्या तुलनेत ठरणं. आजूबाजूची मुलं किती तयार आहेत याला तिथे फार महत्त्व येतं.

हे सगळं प्रवेशाआधीच तपासता येतं. फक्त कॉलेजच्या माहितीपत्रकात ते सापडत नाही. मेजरचा चार वर्षांचा आराखडा विभागाच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडून साखळी किती लांब आहे, आणि एक विषय राहिला तर तो पुन्हा कधी मिळतो हे पाहावं. कोर्सचा सिलॅबस मिळवून दर आठवड्याला किती पानं आणि किती प्रॉब्लेम सेट आहेत ते मोजावं. विस्कॉन्सिन-मॅडिसनसारखी काही सरकारी विद्यापीठं प्रत्येक कोर्समध्ये किती जणांना ए, बी, सी मिळाले याचे तक्तेच जाहीर करतात. एमआयटीनं २००१ मध्ये जाहीर केलेल्या ओपनकोर्सवेअरवर जुने प्रश्नसंच आणि परीक्षा मोफत आहेत. त्यातली पहिल्या सत्राची कॅल्क्युलसची एक परीक्षा घड्याळ लावून सोडवून पाहिली, तर क्रमवारीच्या दहा तक्त्यांतून कळणार नाही ते दोन तासांत कळतं.

पहिल्या सत्रात किती आणि कुठले विषय घ्यायचे, हा निर्णय मात्र तिथे पोचल्यावर ॲडव्हायझरसमोर बसून घ्यायचा असतो, आणि त्यात आपली मुलं बरेचदा जास्त उचलतात. लॅब असलेले दोन विषय एकाच सत्रात नकोत, प्रॉब्लेम सेटचे तीन विषय एकत्र असतील तर चौथा वाचनाचा असावा, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात साधारणतः किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. म्हणून नेमके १२ घेतले तर विषय झेपेनासा झाल्यावर तो सोडता येत नाही, निदान आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची आधी परवानगी घेतल्याशिवाय तरी नाही. १५ घेतले तर तीन क्रेडिटचा एक विषय सोडायला जागा उरते. तो सोडण्याची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये दिलेली असते. पहिल्या मिडटर्मचा निकाल तिच्या आधी हातात येतो का, हे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावं.